तिसरी डबी

काराबाय्यो, लिमा
२ फेब्रुवारी

आत्या,

बटाट्याचं पोतं बसवाल्यांनी काल दिलं. आतलं चीज आणि लुझमिलाचं चित्र दोन्ही धड पोचलं. चित्रात आई कुठली आणि मेंढी कुठली ते कळायला वेळ लागला, कारण दोघींनाही चार पाय आहेत. पण माझ्या तोंडावर तिनं मास्क काढला आहे, त्यावरून ओळखलं.

आता बातमी. पहिला कागद स्वच्छ आला. डिसेंबरात दिलेला बेडका त्यांनी सहा आठवडे बाटलीत पेरून ठेवला आणि त्यातून काहीही उगवलं नाही. झेरॉक्स जोडली आहे, कारण माझ्या नुसत्या शब्दावर तू विश्वास ठेवणार नाहीस.

माझं रोजचं असं चालतं. सकाळी सातला दवाखान्यात. एर्मिनियाबाई समोर गोळ्या मांडतात, मी गिळते, मग त्या म्हणतात, तोंड उघड, जीभ वर कर, आता डावा गाल. सात गोळ्या. त्यातली एक नवी. ती अजून कुठल्याही दुकानात मिळत नाही, आमच्यासारख्या माणसांवरच तिची चाचणी चालू आहे. माझा क्षय जुन्या औषधांना दाद देत नाही म्हणून मला या चाचणीत घेतलं. चिठ्ठ्या टाकून काहींना जुनी इंजेक्शनं देतात, काहींना ही नवी गोळी. माझी चिठ्ठी गोळीची निघाली. इंजेक्शन नाही, आत्या. एकही नाही. दर सहा आठवड्यांनी बेडक्याची डबी द्यायची, एवढंच त्यांचं मागणं.

तुझी अट लक्षात आहे. लागोपाठ तीन स्वच्छ कागद, मगच लुझमिला घरी. ऑक्टोबरात तिला बसमध्ये बसवताना मी तिचा पापासुद्धा घेतला नाही. तिचा बाप चिलीला गेला तेव्हा मी इतकी रडले नव्हते.

एक झाला. दोन राहिले.

तुझी नेलिदा


पुकाक्रूस, वांकावेलिका
१६ फेब्रुवारी

नेलिदा,

कागद पाहिला. शिक्का खरा आहे. तारीख खरी आहे. बरं वाटलं.

तू विचारतेस मी फोन का घेत नाही. चॅपेलमागच्या टेकाडावर चढून रेंज शोधायचं माझं वय नाही, हे एक. दुसरं, फोनवर तू खोटं छान बोलतेस. कागदावर तुला ते जमत नाही, लहानपणापासून.

अटीबद्दल कुरकुर करू नकोस. एकतीस वर्षं मी इथल्या आरोग्य केंद्रात सुया टोचल्या आणि गोळ्या मोजून दिल्या. माझ्या सख्ख्या भावाला, तुझ्या बापाला, अठरा महिने मीच इंजेक्शनं दिली. सहाव्या महिन्यात त्याला कोंबडा ऐकू येईना. दहाव्यात तो माझ्या ओठांकडे बघून बोलायला लागला. आणि मध्ये एकदा त्याचाही कागद स्वच्छ आला होता. आम्ही मेंढी कापली, सगळ्या गावाला जेवू घातलं, तू त्याच्या मांडीवर बसून जेवलीस. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त पडलं. कान गेले आणि मागून माणूसही गेला. तू वाचलीस ते नशीब. म्हणून तीन. माझ्या नातीच्या बाबतीत मी एका कागदावर नाचणार नाही.

तुला इंजेक्शन नाही हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि अंगणात जाऊन उभी राहिले. एवढंच सांगते.

लुझमिला ठीक आहे. मार्चपासून इथल्या पहिलीत बसेल. मेंढीला मुलगी मानते आणि मला मेंढी. खा. रोज अंडं खा. एर्मिनियाबाईंना माझा नमस्कार सांग, डावा गाल बघणारी बाई कामाची असते.

आत्या गाउदेन्सिया


काराबाय्यो
२० मार्च

आत्या,

दुसराही स्वच्छ.

हा कागद घेऊन घरी आले तेव्हा आमच्या टेकडीच्या सगळ्या पायऱ्या एका दमात चढले. दोनशे बारा. ऑक्टोबरात मी तीन ठिकाणी बसत होते, आणि तिसऱ्या ठिकाणी शेजारचा रोसेन्दो मला हात द्यायचा. रोसेन्दो म्हणजे तीनचाकी मोटोटॅक्सीवाला, मी त्याच्या गाडीचं प्लास्टिकचं छत शिवून दिलं तो. काल तोच खाली बसून खोकत होता आणि मी वरून त्याला हसले. म्हणाला, "शेजारीणबाई, गोळ्या तुम्ही खाता आणि म्हातारा मी होतो." तो म्हणतो धूळ आणि पेट्रोल. दिवसभर रस्त्यावर असतो बिचारा.

माझा खोकला पूर्ण गेला. वजन साडेचार किलो वाढलं, सगळे स्कर्ट पुन्हा उसवून सैल केले. कारखान्यात अर्धा दिवस घेतात आता, शाळेचे गणवेश शिवायला. पुतळा नव्हे, माणूस दिसायला लागलीस, असं आमची मुकादम म्हणाली.

तिसरी डबी सोमवारीच दिली. भरपूर आला बेडका, काळजी करू नकोस. मेच्या सुरुवातीला कागद येईल. मेमध्ये लुझमिलाला आणायची तयारी ठेव. तिच्यासाठी पलंगाशेजारी पडदा शिवला आहे, पिवळा.

नेलिदा


पुकाक्रूस
५ एप्रिल

नेलिदा,

दोन कागद देवापुढे ठेवले आहेत. तिसऱ्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे. देव आणि मी दोघंही वाट बघतो.

पोरीला सांगून टाकलं, मेमध्ये आई. चूक केली. रोज सकाळी विचारते, आज मे आहे का. शाळेतल्या बाईंना म्हणाली, मला आता लिमातला हिशोब शिकवा, कारण मला लिमात राहायचं आहे. लिमातला हिशोब म्हणजे काय ते तिलाच ठाऊक.

इथे धुकं पडायला लागलं. तिचे जुने बूट आखूड झाले, नवे घेतले. मे महिन्यात बसमध्ये बसवून देईन, शाळेच्या बाईंच्या सोबतीनं. मी स्वतः लिमात पाय ठेवणार नाही, तुला माहीत आहे. तुझ्या बापाला शेवटी तिथल्याच इस्पितळात सोडून आले होते.

आत्या


काराबाय्यो
८ मे

आत्या,

लुझमिलाला पाठवू नकोस.

तिसरा कागद घाण आला. बाटलीत उगवलं, आणि थोडं नाही, भरभरून उगवलं. डॉक्टर ओफेलियाबाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या, त्यावरूनच मी ओळखलं. त्या म्हणाल्या, "नेलिदा, तुम्ही गोळ्या चुकवल्या नाहीत ना?" मी काय चुकवणार, एर्मिनियाबाई माझा घसा आतड्यापर्यंत बघतात. मग त्या बराच वेळ फायली चाळत राहिल्या. म्हणाल्या, म्हणजे नवी गोळी तुमच्यावर चालेनाशी झाली असावी. जंतू तिलाही सरावला असावा. एका माणसावर औषध ठरत नाही, पण ही खूण कागदावर राहणार, आणि दुसऱ्या देशांतले लोकही ती बघणार. पुढच्या महिन्यात समिती बसेल. गोळी बंद करायची आणि जुनी इंजेक्शनं सुरू करायची, असा विचार आहे.

मी घरी येऊन बापाचा विचार करत बसले. तुझ्या ओठांकडे बघणारा.

चौथी डबी लगेच मागितली आहे. तीन दिवस पहाटे उठून खोकते, पाठीवर थापट्या मारून घेते, गरम पाणी पिते, थेंब निघत नाही. एर्मिनियाबाई म्हणतात, घाबरू नका, घाबरलं की सुकतं. मला कळत नाही आत्या, मला इतकं छान वाटतंय, भूक लागते, पायऱ्या चढते, आणि कागद म्हणतो मी मरते आहे.

पोरीला काहीतरी सांग. मे लांबला म्हणून सांग.

नेलिदा


पुकाक्रूस
२१ मे

नेलिदा,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी पोरीला शेजारी पाठवलं आणि रडून घेतलं. दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचलं. तिसऱ्यांदा मार्चचं पत्र शेजारी ठेवून वाचलं. आता माझं रडणं थांबलं आहे आणि हात शिवशिवतो आहे.

मार्चमध्ये तू लिहितेस खोकला पूर्ण गेला, दोनशे बारा पायऱ्या एका दमात. त्याच पत्रात लिहितेस, भरपूर आला बेडका. खोकला नसलेल्या बाईला भरपूर बेडका कुठून येतो? आणि आता तीन दिवस थापट्या मारून थेंब नाही. बरी होणारी छाती सुकते, हे मी तुझ्या जन्माआधीपासून जाणते. मग सोमवारच्या डबीत काय होतं, आणि कुणाचं?

लाजू नकोस, तू पहिली नाहीस. एकतीस वर्षांत लोकांनी माझ्यापुढे अंड्याचा पांढरा बलक ठेवला, मक्याची पेज ठेवली. एकानं कोंबडीच्या सूपवरची साय आणली आणि वर थोडी कॉफी टाकली, रंगासाठी. नवऱ्यानं बायकोच्या नावानं थुंकलेलं तर किती. कुणाला काम जाण्याची भीती, कुणाला रुग्णांना मिळणारी अन्नाची टोपली बंद होण्याची. प्रत्येकाला कागद हवा असतो.

तुला कशाला हवा होता ते मला कळलं. ते पुढच्या पत्रात बोलू. आधी काम कर.

एक, डॉक्टरबाईंकडे जा आणि सगळं सांग. उद्या नाही, पत्र मिळेल त्याच दिवशी. तुझ्या खोट्यामुळे एका चांगल्या औषधावर डाग पडतो आहे. ज्यांना अजून टोचतात त्यांची सुटका त्यामुळे लांबेल. तुझ्या बापासारख्या माणसांची.

दोन, ज्यानं थुंकी दिली तो आजारी आहे. कोण ते मला विचारायची गरज नाही, तू त्याला पायरीवर बसून खोकताना पाहिलंस आणि हसलीस. त्याला हाताला धरून ने. तो बंद प्लास्टिकच्या छताखाली दिवसभर माणसं वाहतो.

पोरीला मी सांगितलं की लिमातला हिशोब चुकला होता, पुन्हा करतायत.

आत्या


काराबाय्यो
१२ जून

आत्या,

मी गेले. तुझं पत्र एकोणतीसला मिळालं आणि त्याच दिवशी गेले. दवाखान्याच्या दारापर्यंत मला वाटत होतं की ते मला चाचणीतून हाकलतील, मेमध्येही याच भीतीनं खरं सांगितलं नव्हतं. तरी गेले.

खरं असं झालं. त्या सोमवारी मला काहीच आलं नाही. एर्मिनियाबाई म्हणाल्या होत्या, नाही आलं तर नाही, तसं लिहू. पण त्या कागदावर "नमुना मिळाला नाही" असा शिक्का मारतात, आणि तुझ्या अटीत तो शिक्का बसत नव्हता. मला स्वच्छ कागद हवा होता. म्हणून डबी घेऊन घरी आले, उद्या आणते म्हटलं. रोसेन्दो गाडी पुसत होता. मी त्याला विचारलं. मला वाटलं धडधाकट माणसाची थुंकी, त्यातून काय उगवणार. तो इतका हसला. म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे हे मागून नेतंय. घ्या, दोन डब्या घ्या."

डॉक्टरबाईंना हे सांगताना मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. मग त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून माझ्यासमोर धरला. प्रयोगशाळेनं त्या बाटलीत उगवलेल्या जंतूवर जुनी औषधं घालून पाहिली होती. माझा जंतू त्यांना दाद देत नाही, म्हणून तर मी इथे आहे. आणि या बाटलीतला जंतू पहिल्याच औषधानं मेला. दुसऱ्यानंही मेला. डॉक्टरबाई तीन दिवस प्रयोगशाळेतल्या लोकांशी भांडत होत्या की तुम्ही बाटल्या अदलाबदल केल्या. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "नेलिदा, तुम्हाला ओरडावं की मिठी मारावी ते मला समजत नाही." मग दोन्ही केलं. ओरडणं जास्त वेळ चाललं, बाहेर रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. त्यांना वर लिहून कळवावं लागलं, चूक कुठे झाली, कशी झाली, माझ्या सहीसकट. मी सही केली. गोळी बंद केली नाही.

मग मला मिठाच्या पाण्याची वाफ दिली, नळीतून, वीस मिनिटं. छाती कितीही सुकलेली असली तरी त्यानं काहीतरी वर येतं. आलं. चमचाभरही नाही, पण माझं स्वतःचं. एर्मिनियाबाई पूर्ण वेळ समोर उभ्या होत्या. आता मी त्यांच्या नजरेआड शिंकूही शकत नाही.

रोसेन्दोला न्यायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी म्हणाला धूळ. दुसऱ्या दिवशी म्हणाला, तपासलं तर गाडी बंद करायला लावतील, मग खायचं काय. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या मोटोटॅक्सीत मागे बसले आणि म्हटलं, दवाखान्यात चला. गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणणार. दारात पोचल्यावर उतरले आणि किल्ली काढून घेतली. त्याची डबी भरभरून निघाली, आत तेच, क्षयाचे जंतू. पण साधा क्षय आहे, जुन्या गोळ्यांनी जाणारा. काही आठवडे गाडी बंद. आमच्या टेकडीवरच्यांनी त्याच्यासाठी कोंबडीची पंगत केली, जेवणाची ताटं विकून आलेले सगळे पैसे त्याला दिले. कांदे मी चिरले. तो म्हणतो, तुमची एक डबी मला फार महागात पडली.

आता तू बोल. तू म्हणाली होतीस पुढच्या पत्रात बोलू. मी वाट बघते आणि घाबरतेही.

नेलिदा


पुकाक्रूस
२६ जून

नेलिदा,

बोलते.

आजवर लोक डबीत अंडं आणून देत आणि मी त्यांना ओरडत असे. एकदाही मी स्वतःला विचारलं नाही की या माणसाला इतका कुणाचा धाक आहे. यावेळी तो धाक माझा होता. मी पोरीला कागदाच्या बदल्यात धरून ठेवलं. नर्स म्हणून मला तेव्हाच कळायला हवं होतं की सुकलेली छाती हा सगळ्यात चांगला कागद असतो, त्यावर शिक्का नसला तरी. भावाला वाचवता आलं नाही म्हणून मी भाचीला कागद मागत बसले. माझं चुकलं. हे मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, मग लिहिलं.

पण अट मोडत नाही. वाफेच्या डबीचा कागद येऊ दे, तुझ्या स्वतःच्या छातीचा. एकच. तो स्वच्छ आला की पोरगी घरी. तिसरा कागद म्हणून नव्हे, तुझं नाव त्या फाइलीत स्वच्छ व्हावं म्हणून. डॉक्टरबाईंचंही.

किल्ली काढून घेतलीस ते वाचून मी एकटीच हसले. ते तुला मी शिकवलं नव्हतं. तुझा बाप असाच होता.

आत्या


काराबाय्यो
११ ऑगस्ट

आत्या,

स्वच्छ.

दहा आठवडे आणि वर दोन दिवस, या वेळी खात्रीसाठी त्यांनी बाटली जास्तच ठेवली. काही उगवलं नाही. डॉक्टरबाईंनी बाटली स्वतः उजेडात धरून मला दाखवली. आत जंतूंच्या खाद्याचा नुसता हिरवा थर, सपाट. मी इतकी सुंदर रिकामी बाटली कधी पाहिली नव्हती.

उपचाराचे नऊ महिने शनिवारी पूर्ण झाले, आणि शनिवारीच सगळ्यांना दवाखान्यामागच्या सभागृहात बोलावलं. चाचणीत आमच्या भागातले चौतीस जण. मी त्यातल्या निम्म्यांना फक्त मास्कमध्ये ओळखत होते, त्यांचे उघडे चेहरे बघून लाजल्यासारखं झालं. डॉक्टरबाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या. नव्या गोळीवर होते सत्तावीस, त्यातले पंचवीस स्वच्छ. त्यांनी आकडा लिहिला आणि खडू हातातच धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. एर्मिनियाबाई मागून म्हणाल्या, "बाई, वाचा ना मोठ्यानं, मागच्यांना दिसत नाही." मग त्यांनी वाचला. आत्या, लोक टाळ्या वाजवत नव्हते, बाकांवर हात आपटत होते. पहिल्या रांगेतला एक म्हातारा खाणकामगार उठून नाचला, बायकोनं ओढून खाली बसवेपर्यंत.

बाकीचे सात जण इंजेक्शनांवर होते. चिठ्ठीत त्यांचं तसं निघालं. समितीनं सांगितलं आहे की दुसऱ्या देशांतलेही आकडे असेच येत आहेत, आणि आता कुणालाही टोचत ठेवणं बरोबर नाही. सोमवारपासून सातही जणांना नवी गोळी. त्यांच्यात एक शाळामास्तर आहेत, डाव्या कानानं कमी ऐकू येऊ लागलं होतं. ते माझ्या शेजारी बसले होते. त्यांना नीट ऐकू गेलं नाही म्हणून मी उजव्या कानाशी वाकून पुन्हा सांगितलं. त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मला वाटतं दुसऱ्यांदाच ऐकू गेलं होतं.

मग डॉक्टरबाईंनी मला पुढे बोलावलं. नाव न घेता गोष्ट सांगणार होत्या, मीच म्हटलं नाव घ्या. त्यांनी नवा कागद दाखवला. पूर्वी त्यावर दोनच रकाने होते, उगवलं आणि नाही उगवलं, आणि मध्ये तो शिक्का. आता तिसरा रकाना छापला आहे: "बेडका येत नाही, छाती सुकली, वाफ द्यावी." आमच्या दवाखान्यात आता त्यासाठी कुणाला शेजाऱ्याच्या दारात जावं लागणार नाही. मी चौतीस जणांसमोर उभी राहून सांगितलं की मी काय केलं आणि का. कुणी हसलं नाही. खाली उतरले तेव्हा दोन बायका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, आम्हीपण एकदा अंडं दिलं होतं.

रोसेन्दोला बोलावलं नव्हतं, तरी तो आला होता. दुसऱ्या महिन्याची त्याची डबी निम्मीच भरली. तो ते सगळ्यांना सांगत फिरतो.

आता माझी मुलगी दे.

नेलिदा


पुकाक्रूस
१९ ऑगस्ट

नेलिदा,

सत्तावीसात पंचवीस. मी हा आकडा इथल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहून आले. नवा नर्स म्हणाला, भिंतीवर लिहायला मनाई आहे. मी म्हटलं, एकतीस वर्षं ही भिंत मी रंगवली आहे.

मी सुया टोचलेल्या माणसांची नावं काल एकेक आठवून पाहिली. सगळी आठवली. त्यांना हे मिळालं नाही, आणि तुला मिळालं. दुःख आणि आनंद मला वेगळे करता येत नाहीत, म्हणून तसेच पाठवते.

शनिवारी सकाळच्या बसनं लुझमिला निघते, तुला आधी कळावं म्हणून हे पत्र बसवाल्यांच्या हाती देते. शाळेच्या बाई सोबत आहेत. तिला लोणी लावलेला पाव आवडायला लागला आहे, आणि झोपताना तिच्या पायावर हात ठेवावा लागतो. घर रिकामं वाटेल मला. ते माझं मी बघेन. तू तुझ्याकडे बघ, आणि तिच्याकडे.

आत्या


काराबाय्यो
२४ ऑगस्ट

आत्या,

पोचली. बस दीड तास उशिरा आली, मी चार तास आधी जाऊन उभी होते.

शाळेच्या बाईंच्या मागून ती उतरली. किती उंच झाली आहे, तू लिहिलं नव्हतंस. तिनं मला पाहिलं आणि धावत आली, आणि मग मधेच थांबली. माझ्यापासून बरोबर दोन हात लांब. ऑक्टोबरात मीच तिला शिकवलं होतं, आईपासून एवढं लांब उभं राहायचं. दहा महिने तिनं ते लक्षात ठेवलं. हात पाठीमागे धरून ती तिथेच उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आई, आता किती जवळ यायचं?"

मी खाली बसले आणि हात पसरले. तरी तिनं शाळेच्या बाईंकडे वळून बघितलं, खरंच ना म्हणून. बाईंनी मान हलवली. मग ती इतक्या जोरात आली की मी तिथेच मागे पडले, धुळीत, लोकांच्या सामानात, आणि माझ्या तोंडाला तोंड लावून ती हसत राहिली. मी तिच्या गालाचे पापे घेतले, कपाळाचे, नाकाचे. एक गठुडंवाला ओरडला की वाट अडवू नका. आम्ही अडवली.

आज सकाळी तिनं माझ्याच कपातून क्विनोआची पेज प्यायली, दुसरा कप समोर असताना. अर्धा पाव तिनं खाल्ला आणि उरलेला मी खाल्ला, उष्टा, आणि मग आम्ही दोघी दोनशे बारा पायऱ्या उतरून तिच्या शाळेत नाव घालायला गेलो.

नेलिदा